एक इमारत, पंधरा मालक: दुरुस्तीच्या नोंदी, इंदिरानगर, नाशिक

१२ जानेवारी २०२५, रविवार

दुरुस्ती या उन्हाळ्यातच करायची, असं आजच्या बैठकीत ठरलं. कामं तीन. गच्ची गळते आहे. मागच्या डक्टमधले सांडपाण्याचे उभे पाईप जागोजागी फुटलेत. पार्किंगमधल्या खांबांचं प्लास्टर सुटून आतलं लोखंड दिसायला लागलंय. इमारत १९९६ ची, चार मजली, लिफ्ट नाही. दर मजल्यावर दोन टू बीएचके आणि एक वन बीएचके, म्हणजे बारा घरं, आणि पुढे रस्त्याला लागून तीन दुकानं.

कामाची गरज कुणीच नाकारली नाही. गाडी अडली ती काम कुणाचं यावर. किराणा दुकानाचे शेठ म्हणाले, "गच्चीचा आणि माझा संबंध काय? मध्ये चार मजले आहेत." चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, खांब पार्किंगमधले, ज्यांच्या चारचाकी आहेत त्यांनी बघावं. पुढच्या बाजूच्या घरांचं म्हणणं, डक्ट मागच्या घरांचा. बैठक संपेपर्यंत प्रत्येकाने आपल्या दारासमोरचं तेवढं आपलं मानलं होतं. मला ते ऐकवत नव्हतं. चार मजल्यांचा भार ज्या खांबांवर आहे, ते गाडीवाल्यांचेच कसे?

सचिव म्हणून आजपासून ही वही. निर्णय, पैसे, आक्षेप, सगळं तारखेनिशी. वही जिन्याखाली मीटरच्या कपाटात राहील, किल्ली शेठच्या गल्ल्याजवळ. कुणीही कधीही वाचावी, चुकीचं वाटलं तर शेजारी लिहावं आणि सही करावी.

१९ जानेवारी, रविवार

स्ट्रक्चरल इंजिनिअरांना मुद्दाम रविवारी बोलावलं. अहवाल नंतर येईलच, पण पाहणी सगळ्यांच्या देखत व्हावी अशी माझी अट होती. नऊ मालक हजर होते.

आधी ते हातोडीने प्रत्येक खांब ठोकत गेले. चांगल्या जागी खणखणीत आवाज, पोकळ जागी बद्द. तो फरक ऐकायला इंजिनिअर असावं लागत नाही. १०२ मधल्या मुलालाही कळला. मग तीन खांबांचा थोडा भाग फोडून त्यावर फिनॉलफ्थॅलिनचा फवारा मारला. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यावर हे द्रावण गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपला की तो अल्कधर्म जातो, आणि लोखंडाला गंजापासून वाचवणारं कवच त्याच्याबरोबर जातं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देतं. मधले दोन खांब बाहेरून थोडेसे सोडले तर गुलाबी झाले. दुकानांच्या मागचा कोपऱ्यातला खांब सळईपर्यंत कुठेच गुलाबी झाला नाही.

टॉर्च शेठच्या हातात होता. हा खांब त्यांच्या गोदामाच्या भिंतीतला. त्यांनी विचारलं, इथेच एवढं का? इंजिनिअरांनी वर बोट केलं. गच्चीवरून येणारा पावसाळी पाईप याच खांबाशेजारून खाली उतरतो आणि त्याचा शेवटचा बेंड तुटलेला आहे. किती पावसाळे गेले कुणास ठाऊक, गच्चीचं सगळं पाणी या खांबाच्या पायात पडत आलंय.

मध्ये चार मजले आहेत, हे खरंच. पाणी मात्र ते मजले मोजत बसत नाही. शेठ तिथे काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी पाईपचा आणि खांबाचा फोटो काढून घेतला.

२७ जानेवारी, सोमवार

घोषणापत्राची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळाली. बिल्डरने १९९६ मध्ये नोंदवलेलं. आपल्यापैकी बहुतेकांनी खरेदीखत कपाटात जपून ठेवलंय, पण हा कागद कुणाकडेच नव्हता.

आपण सगळे तोंडाने सोसायटी म्हणतो, पण आपली सहकारी गृहनिर्माण संस्था नाही. आपली इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खाली नोंदलेली आहे. नाशिकमध्ये अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. दोन्हींचे कायदे वेगळे. संस्थेत इमारत संस्थेची आणि आपण सभासद. अपार्टमेंटमध्ये घर आपल्या मालकीचं, आणि जमीन, पाया, खांब, जिना, गच्ची, मुख्य पाईप यांत प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा. तो किती, हे घोषणापत्रात टक्क्यांत लिहिलेलं असतं. सामायिक खर्च त्याच टक्केवारीने वाटायचा, असं या कायद्याचं कलम १० सांगतं.

आपली टक्केवारी: टू बीएचके ८.२५, वन बीएचके ५.५, दुकान ४. आठ, चार आणि तीन धरून बेरीज बरोबर शंभर.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण पुढचं सगळं भांडण आजच्या आकड्यांवर उभं आहे.

इंजिनिअरांचा अंदाज आला. गच्ची ३,३०,०००, खांब आणि तुळया १,६०,०००, डक्टमधले पाईप १,१०,०००. जीएसटी धरून सहा लाख. पार्किंगमधल्या फळ्यावर मी तिन्ही प्रकारची वाटणी लिहिली.

सारखी वाटणी केली तर प्रत्येकी ४०,०००.
क्षेत्रफळाने केली तर टू बीएचकेला (७२० फूट) ५२,९४१, वन बीएचकेला (४८० फूट) ३५,२९४, दुकानाला (१६० फूट) ११,७६५.
घोषणापत्राने केली तर टू बीएचकेला ४९,५००, वन बीएचकेला ३३,०००, दुकानाला २४,०००.

आकडे फळ्यावर उतरले आणि माणसं तीन ठिकाणी जाऊन उभी राहिली. टू बीएचकेवाल्यांना सारखी वाटणी न्याय्य वाटली: जिना सगळ्यांचा, गच्ची सगळ्यांची, मग पैसेही सारखे. दुकानदारांना क्षेत्रफळ न्याय्य वाटलं: जेवढी जागा तेवढा खर्च. वन बीएचकेवाल्यांना घोषणापत्र. प्रत्येकाच्या बोलण्यात तत्त्व होतं, आणि प्रत्येकाचं तत्त्व त्याला सगळ्यात स्वस्त पडत होतं. माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. चाळीस-पन्नास हजार ही कुणाच्याच घरात किरकोळ रक्कम नाही, आणि स्वतःच्या खिशाच्या बाजूचा युक्तिवाद माणसाला मनापासून खरा वाटतो.

३०२ मधले काका बँकेतून निवृत्त झालेले, कागदपत्रांचे पक्के. त्यांनी सहकारी संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियमावली, आणले होते. त्यात सेवाशुल्क सर्वांना समान असल्याचं वाचून दाखवलं. मी त्यांना तेच पान पुढे वाचायला सांगितलं. दुरुस्ती निधी तिथेही समान नाही. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के, म्हणजे मोठ्या घराला जास्त. काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "ताई, तुमचं घर वन बीएचके आहे, म्हणून तुम्हाला घोषणापत्र आवडतंय."

माझं घर वन बीएचके आहे, हे खरं. सारख्या वाटणीपेक्षा माझे सात हजार वाचतात, हेही खरं. ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि इथेही लिहिते आहे. म्हणूनच माझ्या मताला वजन देऊ नका, कागद तुम्हीच वाचा, असं म्हणून नक्कल काकांच्या हातात दिली. पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याकडेच राहील.

९ फेब्रुवारी, रविवार

काकांनी घोषणापत्र आणि कायदा दोन्ही वाचून आणले आणि स्वतः उभं राहून समजावून सांगितलं. मी सांगितलं असतं तर एवढं पटलं नसतं.

त्यांनी काढलेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, टक्केवारी क्षेत्रफळावर बेतलेली नाही. एकूण मालमत्तेच्या किमतीत त्या गाळ्याची किंमत किती, यावर ती ठरते. रस्त्यावरच्या दुकानाचा फुटाचा भाव घराच्या दुपटीच्या आसपास होता, म्हणून १६० फुटांच्या दुकानाला चार टक्के. दोन, ही टक्केवारी कायम स्वरूपाची आहे. बदलायची तर सगळ्या मालकांची संमती आणि सुधारित घोषणापत्राची नोंदणी लागते. बहुमताने हात वर करून ती बदलत नाही. याचा अर्थ सारखी वाटणी करायची म्हटली तरी एकाच मालकाचा नकार ती अडवायला पुरेसा.

मधल्या दुकानाच्या मालकांनी विचारलं, आम्ही गच्चीचा वापरच करत नाही, तसं लिहून दिलं तर? काकांनीच उत्तर दिलं. सामायिक जागेचा वापर सोडून दिला म्हणून खर्चातून सुटका होत नाही, कायद्यात हे स्पष्ट आहे. घर बंद ठेवलं तरी नाही. १०३ चे मालक पुण्याला राहतात, घराला कुलूप आहे आणि फोनवर त्यांचं हेच म्हणणं होतं. त्यांना या तरतुदीची प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली.

किराणावाले शेठ आज म्हणाले, "चोवीस हजार जास्त आहेत, पण तो खांब मी पाहिलाय."

१६ फेब्रुवारी, रविवार

२०२ आणि ३०२.

२०२ च्या बाथरूमचं छत आणि शेजारची भिंत तीन वर्षांपासून ओली आहे. २०२ च्या ताई दवाखान्यात नर्स आहेत; दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे आले. त्यांचं म्हणणं, वरचं बाथरूम गळतं, ३०२ ने फोडून करून द्यावं. काकांचं म्हणणं, मी फरशा नव्या बसवल्यात, गळणं शक्यच नाही. वाढत वाढत दोन्ही घरं जिन्यात एकमेकांकडे बघेनाशी झाली. मुलांचं एकमेकांकडे जाणं थांबलं. या दुरुस्तीच्या यादीत पैशाने हे सगळ्यात लहान प्रकरण, पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय.

नियम सोपा आहे. घराच्या आतल्या नळ-फरशीतून गळत असेल तर त्या घरमालकाचा खर्च. उभ्या मुख्य पाईपातून गळत असेल तर सगळ्यांचा. पाणी कुठून येतंय हे बघायच्या आधीच कुणी भरायचं यावर तीन वर्षं भांडण चाललं होतं. म्हणून आधी पाणी शोधायचं ठरवलं, आणि दोन्ही घरांच्या देखत.

पहिली चाचणी: ३०२ चं बाथरूम शुक्रवार रात्रीपासून पूर्ण बंद, कॉक बंद. काकांच्या घरच्यांनी दुसरं बाथरूम वापरलं. आज सकाळी खाली ओल तशीच, ठिबकणंही तसंच. ताईंना ते पटेना, त्यांनी स्वतः वर जाऊन कॉक पाहिला.

दुसरी: नहाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूमच्या फरशीवर घोट्याएवढं पाणी भरलं, त्यात शेठच्या दुकानातला खाण्याचा लाल रंग कालवला. दुपारपर्यंत पाणी उतरलं नाही, खालीही रंग नाही.

तिसरी: ४०२ च्या संडासात लाल रंग टाकून बादल्या ओतल्या. काही मिनिटांत डक्टमध्ये २०२ च्या छताच्या उंचीवर बिडाच्या पाईपच्या जोडातून लाल धार आली आणि भिंतीत शिरली. डक्टच्या खिडकीतून काका आणि ताई दोघंही एकामागोमाग डोकावले.

म्हणजे दोष मुख्य पाईपचा, खर्च सगळ्यांचा. पण गोष्ट तिथे संपली नाही. ताईंच्या बेसिनवरच्या कोपऱ्यात एक वेगळा, लहान डाग होता. ३०२ च्या बेसिनमध्ये रंग सोडल्यावर तासाभराने तो गुलाबीसर झाला. ती बेसिनची आडवी नळी, काकांच्या घरातली, भिंतीत सुटलेली. काकांनी तिथल्या तिथे सांगितलं, ही माझी, मी करतो. ताई म्हणाल्या, "मोठी ओल तुमची नव्हती काका, मी तीन वर्षं तुम्हाला बोलले." काका म्हणाले, "आणि मी एकदाही खाली येऊन बघितलं नाही."

रंग देण्याचा खर्च? मोठ्या ओलीने खराब झालेलं प्लास्टर सामायिक खर्चात, कोपरा काकांच्या खर्चात. दोघांनी वहीत सह्या केल्या आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

गच्चीवरचे सोलर. पाच मालकांचे पाणी तापवायचे सोलर आहेत, आणि जुन्या पद्धतीने त्यांचे पाय कोब्यात भोकं पाडून बोल्टने बसवलेले. कोबा उखडायचा तर सोलर काढावे लागणार, परत बसवावे लागणार. हा खर्च सामायिक म्हणावा, अशी पाचही जणांची मागणी: काम इमारतीचं, आम्हाला भुर्दंड का?

माझं मत स्पष्ट होतं आणि मी ते मांडलं. गच्ची सामायिक, सोलर खाजगी. ज्यांना गरम पाणी मिळत नाही त्यांनी सोलर उतरवण्याचे पैसे का द्यावेत? बरीच गरमागरमी झाली. शेवटी ठरलं ते असं: काढणं-बसवणं ज्याचं त्याने. मात्र नव्या कोब्यावर सोलर ठेवायला काँक्रीटचे ठोकळे लागतील ते ठेकेदार सामायिक कामातच करून देईल, कारण कोब्यात पुन्हा भोकं न पडणं हा सगळ्यांचा फायदा आहे. माझ्या मूळ मतापेक्षा ही तोड चांगली आहे. ४०१ च्या काकूंनी सुचवली.

काकूंच्याच छताचा प्रश्नही निघाला. गच्ची गळून त्यांच्या दिवाणखान्याचं छताचं प्लास्टर पडलंय. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत वरच्या मजल्यावरचं, गच्चीच्या गळतीने खराब झालेलं छत संस्थेच्या खर्चात धरलंय. आपल्याला ते उपविधी लागू नाहीत, पण तत्त्व रास्त आहे म्हणून ठराव करून स्वीकारलं. एकमताने.

दरपत्रकं तीन आली. सगळ्यात स्वस्त वाटणाऱ्यात जीएसटी नव्हता, राडारोडा उचलणं नव्हतं आणि जुना कोबा काढण्याचा दर 'प्रत्यक्षाप्रमाणे' होता. हे सगळं मिळवलं की ते सगळ्यात महाग. दर एकाच तक्त्यात, एकाच मोजमापाने लावून फळ्यावर डकवले.

९ मार्च, रविवार

ठराव मंजूर: घोषणापत्राच्या टक्केवारीने वर्गणी, दोन हप्त्यांत. पहिला काम सुरू होण्याआधी, दुसरा गच्ची सुरू होण्याआधी. बारा जण बाजूने. विरोधात मधलं दुकान आणि ३०१. १०३ गैरहजर.

३०१ चा विरोध समजण्यासारखा आहे. त्यांनी गेल्याच वर्षी घर घेतलंय, डोक्यावर गृहकर्ज आहे. 'तीस वर्षांची झीज आणि वर्षभर राहिलेल्याने भरायची?' हा त्यांचा प्रश्न. त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. कायदा आजचा मालक बघतो. जुन्या मालकांनी दरमहा निधी जमवला असता तर नव्यावर हा बोजा पडला नसता. ती उणीव आम्हा जुन्यांची. त्यांना चार हप्ते दिले.

४०१ च्या काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. कुणीतरी सुचवलं, त्यांचे ३३,००० बाकीच्यांनी वाटून घेऊ. काकूंनी ठाम नकार दिला. "हिस्सा माझा आहे, तर खर्चही माझाच. हप्ते द्या." त्यांनाही चार हप्ते.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. काम सुरू करायचं ठरलेलं, पण नाशिकमध्ये आज कोण येणार? मुलं जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदावर, गेली. ठेकेदाराने साहित्य मात्र आणून टाकलं.

२५ मार्च, मंगळवार

खांबांपासून सुरुवात. तुळयांखाली लोखंडी टेकू लावून मगच फोडणी. सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करायची, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. ज्या सळया झिजून बारीक झाल्यात त्यांच्या शेजारी नवीन बांधायच्या. पावसाळी पाईपचा तुटलेला बेंड पहिल्याच दिवशी बदलून घेतला. कारण तसंच ठेवून खांब बांधण्यात अर्थ नव्हता.

गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतायत. यावरून शेजारच्या इमारतीशी थोडी बोलाचाली झाली, मिटली.

७ एप्रिल, सोमवार

वाढीव खर्च. फोडल्यावर अजून दोन तुळया आणि पाण्याच्या टाकीजवळचा एक खांब अंदाजापेक्षा जास्त खराब निघाला. ठेकेदाराचं वाढीव बिल ४८,०००. अंदाजात हे नव्हतं, आणि अशाच वेळी लोकांचा विश्वास उडतो. मधल्या दुकानाचे मालक फोनवर म्हणाले, "माहीतच होतं मला, आकडा वाढणार."

म्हणून मॉर्टर भरण्याआधी काम थांबवलं. इंजिनिअर, ठेकेदार आणि ज्याला यायचं तो, अशी संयुक्त मोजणी. लांबी, रुंदी, खोली फुटपट्टी लावून, प्रत्येक जागेचा फोटो, मोजमाप वहीत आणि खाली उपस्थितांच्या सह्या. आग्रहाचा फोन करून मधल्या दुकानदारांनाही बोलावलं. ते आले, फुटपट्टी त्यांनीच धरली. एक जागा दोनदा धरली होती, ती त्यांनीच पकडली. ठेकेदाराने मूळ मागितले होते ५१,०००, त्यातून ती वजा होऊन ४८,००० झाले. वर लिहिलेला आकडा मोजणीनंतरचा आहे.

वाटणी: टू बीएचके ३,९६०, वन बीएचके २,६४०, दुकान १,९२०. मधल्या दुकानाचा पहिला हप्ता आणि वाढीव रक्कम दुसऱ्या दिवशी जमा झाली. मला याचा फार आनंद झाला. त्यांचा राग पैशापेक्षा जास्त न विचारता आकडा सांगण्यावर होता.

२१ एप्रिल, सोमवार

डक्टमधले बिडाचे पाईप काढून पीव्हीसी बसले. २०२ ची भिंत वाळू द्यायची आहे, रंग महिन्याभराने. गच्चीचा जुना कोबा उखडायला सुरुवात. आतून तीन वेगवेगळ्या काळातल्या डागडुजीचे थर निघाले, एकावर एक. प्रत्येक वेळी गळत होतं तेवढ्याच जागी लेप लावलेला, उतार कुणी तपासला नव्हता. पाणी जाळीकडे जाण्याऐवजी ४०१ च्या कोपऱ्यात साठत होतं.

८ मे, गुरुवार

अवकाळी. संध्याकाळ झाली की आभाळ भरून येतं. उतार दिलेला, विटांचा कोबा निम्म्या गच्चीवर झालाय, निम्मी स्लॅब उघडी. ४०१ आणि ४०३ मध्ये पाणी उतरलं. काकूंच्या घरात बादल्या लागल्या, ४०३ च्या पलंगावर प्लास्टिक.

४०३ वाले चिडून बोलले, आणि त्यांचा राग रास्त होता. ठेकेदाराने ताडपत्री आणायला उशीर केला. करारात 'पावसापासून संरक्षण ठेकेदाराकडे' असं एक वाक्य इंजिनिअरांनी घालून घेतलं होतं, ते आज उपयोगी पडलं. ओल्या गादीचे आणि छताच्या रंगाचे पैसे त्याच्या बिलातून वजा होतील. त्याने मान्य केलं, लेखी घेतलं. शेठनी गोदामातल्या ताडपत्र्या रात्रीच वर पाठवल्या.

२७ मे, मंगळवार

मान्सून काल मुंबईत पोचला. मेमध्ये! आमचं चायना मोझॅक (कोब्यावरचा फरशीच्या तुकड्यांचा थर) चार दिवसांपूर्वीच संपलं, अगदी थोडक्यात.

गच्चीची चाचणी: जाळ्या बंद करून पाणी भरून ठेवलं, चाळीस तासांनी ४०१, ४०२, ४०३ तिन्ही छतं सगळ्यांनी मिळून पाहिली. कोरडी. मग जाळ्या उघडल्या, पाणी कुठेही न थांबता निघून गेलं. कठड्याच्या कडेची गोलाई एका जागी चिरली होती, ती दुरुस्त करून घेतली. ठेकेदाराची पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवली आहे.

१५ जून, रविवार

हिशेब फळ्यावर. ठरलेलं काम ६,००,०००, वाढीव ४८,०००, अवकाळीच्या नुकसानीची वजावट ९,०००. ती ४०१ आणि ४०३ च्या मालकांना थेट दिली, सामायिक खात्यात घेतली नाही. नुकसान त्यांचं होतं. प्रत्येक बिलाची प्रत वहीला टाचली आहे. बाकी: ३०१ आणि ४०१ चे ठरलेले हप्ते, आणि १०३ ची संपूर्ण रक्कम. ती तात्पुरती इमारतीच्या मुदत ठेवीतून भागवली.

एक नवा ठराव. पुढच्या वर्षी इमारतीला तीस वर्षं होतात, आणि महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे नोंदणीकृत इंजिनिअरकडून इमारत मजबूत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल. त्यासाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी जुलैपासून दरमहा निधी, त्याच टक्केवारीने. ३०१ ने हा ठराव मांडला.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. महिनाभर पाऊस आहे, चौथा मजला कोरडा आहे. ताईंनी २०२ चा रंग करून घेतला.

१०३ चे मालक पुण्याहून आले, घर विकायला काढलंय. खरेदीदाराच्या वकिलाने थकबाकी नसल्याचा दाखला मागितला. मी त्यांना कायदा दाखवला: न भरलेला सामायिक खर्च हा त्या घरावर बोजा असतो, आणि विक्रीनंतर नवा मालकही त्याला विकणाऱ्याबरोबर जबाबदार ठरतो. ते बराच वेळ भांडले. मी इथे राहतच नाही, पाणी वापरत नाही, पुन्हा तेच. मी वही पुढे केली. खांबाचे फोटो, लाल धारेचा फोटो, संयुक्त मोजणी, सगळ्यांच्या सह्या. ते जिन्यातच बसून वाचत राहिले.

मग त्यांनी विचारलं ते एवढंच: इतक्या महिन्यांचं व्याज लावणार का? समितीतल्या तिघांना फोन केला. ठरावात व्याज नव्हतं, म्हणून लावायचं नाही असं ठरलं. ४९,५०० अधिक ३,९६०, एकूण ५३,४६० चा धनादेश त्यांनी दिला. वटल्यावर दाखला देऊ, त्याच दिवशी मुदत ठेव पुन्हा पूर्ण करू. खरेदीदाराला द्यायला घोषणापत्राची एक प्रत त्यांनी स्वतःहून मागून घेतली.